हात उचलायचा सण

हुडको, भिलाई
१६ एप्रिल

नरेश,

जयभीम लिहू का नको, इथंच पेन अडलं होतं. लिहिलं असं समज. चार वर्षं तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, अन्‌ आताही बोलून नाही राहिलो, लिहून राहिलो आहे. फोन लावला तं दोन मिनिटांत मी शिव्यांवर येईन, अन्‌ तू काटून टाकशील. कागदावर शिवी लिहायले हात जरा कचरते. बाजूची नलू याचा फोटो काढून तुले पाठवणार आहे. तिले म्हटलं, वाचू नको. ती वाचणारच.

कामाचं सांगतो. मोनालीचा फोन आला होता. मले नाही, तुझ्या आईले. गिरजाबाई स्पीकर चालू करून भाजी चिरत बसते, मतलब मले आपोआप ऐकू यावं अन्‌ तिनं ऐकवलं असंही होऊ नये. सगळं ऐकलं मी.

मोनालीच्या नवऱ्यानं तुले बोलावलं आहे. खामीसनं. त्याची मी तुले काय ओळख करून देऊ? आपल्याच मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत राहून कॉलेज करत होता, दूर आफ्रिकेकडच्या समुद्रातल्या बेटावरून आलेला एकटा पोट्टा. अहिवारा रोडवर तू अन्‌ तुझे दोन सोबती, तिघं मिळून, लोखंडी सळाखीनं ज्याचा डावा डोळा फोडला, तोच. गुन्हा काय त्याचा? काळा होता, मुसलमान होता, अन्‌ तुझ्या बहिणीनं त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं होतं. ठाण्यात त्यानं लिहून काय दिलं? मोटरसायकलवरून पडलो. तुझं नाव त्यानं तोंडातून काढलं नाही, म्हणून तू आज विशाखापट्टणमले वेल्डिंग करून राहिला आहे, जेलात चक्की नाही पिसून राहिला.

आता ऐक, कावून बोलावलं ते. त्यांच्या गावात जुलै महिन्यात नव्या वर्षाचा सण असते. म्वाका म्हणतात त्याले. त्या दिवशी ज्याचं ज्याच्याशी वाकडं आलं असेल, ते दोघं मैदानात उतरतात अन्‌ केळीच्या खांबानं एकमेकाले झोडपतात. पोटात जे सडून राहिलं ते तोंडानं ओरडून सांगतात. बायका नवे कपडे घालून बाजूनं गाणे म्हणत फिरतात. मग नारळाच्या झापांची झोपडी उभारून पेटवतात, जुनं साल जळालं म्हणायचं. भांडण त्यातच संपलं. मग घरोघरी जेवणं. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही ते घर अभागी, असं मानतात. मोनालीच्या घरी आपल्याकडचा एकही पाहुणा आजपर्यंत गेला नाही.

मी पहिले हसलो बाप्पा. लोखंडाचा बदला केळीनं! मग तुझ्या आईकडे पाहिलं तं ती चिरायची थांबली होती.

खामीसच्या मायनं सांगितलं आहे, तो पोरगा मैदानात माझ्या पोरासमोर उभा राहिल्याशिवाय त्या घरचं माणूस माझ्या अंगणात नको. तिच्या जागी मी असतो तं मीही हेच म्हटलं असतं. नात दोन वर्षांची झाली, रेहेमा नाव आहे. तुझ्या आईनं तिले फक्त फोनमध्ये पाहिलं आहे. फोनच्या काचेवर बोट फिरवत बसते, अन्‌ तेवढ्यानं फोन बंद होऊन जाते, मग मलेच विचारते कसा चालू करायचा.

तर तू जाशील. आईले घेऊन जाशील. मी विचारून नाही राहिलो.

परवा चौदा एप्रिल झाली. विहारात मी भाषण दिलं. लोक टाळ्या वाजवत होते अन्‌ मले वाटत होतं का आता कोणीतरी मागून उठून विचारेल, देवीदासजी, तुमच्या घरात काय झालं? ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्ला, त्याच घरातल्या पोट्ट्यानं परक्या मुलखातल्या एकट्या माणसाले घेरून मारलं. कोणी विचारलं नाही. लोक चांगले आहेत.

— देवीदास


हुडको, भिलाई
२९ मे

नरेश,

निळे टिकमार्क आले म्हणते नलू. मतलब वाचलं. उत्तर नाही. ठीक आहे, नवतपा चालू आहे, तुझ्याही डोक्याले गरमी लागली असेल.

मी एक काम करून पाहिलं. मागच्या न्हाणीजवळ केळी आहे ना, घड काढून झालेलं एक झाड होतं. नलूच्या नवऱ्याकडून तोडवलं, वरची सालपटं काढली अन्‌ त्याले म्हटलं, मार मले पाठीवर. तो ऐकेना. काका, काही होऊन जाईल. मी म्हटलं, बे, अर्धी जिंदगी रेल मिलमध्ये काढली, केळीनं काय होते? मारलं त्यानं. ओलं, जड लागते. सगळं पाणी अंगावर उडते, शर्टाले चीक लागते तो निघत नाही. पण हाड मोडत नाही. तुझी आई धावत आली अन्‌ आमा दोघाईले पागल म्हणून गेली. मग मी खोकलत बसलो, पण तो माझा जुना बिडीचा खोकला आहे, त्यात केळीचा दोष नाही.

सांगायचं हे का भेवाचं काही नाही. मले पहिले वाटलं होतं, हा खामीस बदला घ्यायले बोलावते. रात्रंदिवस तेच डोक्यात. पण ज्याले बदला घ्यायचा असते तो केळी कावून घेईल? त्यानं त्याच वेळी ठाण्यात तुझं एक नाव घेतलं असतं तं झालं असतं.

पासपोर्टचं पाहा. पोलीस तपास होईल, भेऊ नको. तुझ्यावर कुठंच केस नाही. कोणामुळे नाही, ते तुले माहीत आहे. आईचा पासपोर्ट आला. फोटोत ती अशी दिसते का जशी कोणी तिले रागावून उभी केली. मी म्हटलं तं म्हणे, रागावूनच तं उभी केली होती, फोटोवाल्यानं डोक्यावरचा पदर काढायले लावला.

लिहिशील का नाही? एक शब्द तरी.

— देवीदास


हुडको, भिलाई
९ जून

नरेश,

'जाईन.' एवढंच लिहिलं तू. नलू फोन घेऊन धावत आली, मी आंघोळीले बसलो होतो, दाराबाहेरूनच ओरडली, काका, जाईन म्हणते! मोहल्ल्याले वाटलं असेल कोणी मेलं.

तुझी आई तेव्हापासून बसली नाही. उन्हात गव्हाचे सरगुंडे वाळवून राहिली, मूगवड्या, तिळाची चटणी, मोनालीले आवडते म्हणून आंबाडीचं लोणचं. मी म्हटलं, अवं, तिथं समुद्र आहे, मासे आहेत, भात आहे, तुझ्या मूगवड्या कोण खाते? म्हणे, माझी पोरगी खाते. तिकिटं मोनालीनं काढली. मुंबईहून विमान, मग दार-ए-सलामहून जहाजानं बेटावर. जहाजाचं ऐकून आईचं तोंड पांढरं पडलं होतं, आता विचारते, जहाजात लोणचं सांडणार तं नाही?

मी येऊन नाही राहिलो. मले विचारू नको. घरी कोणीतरी पाहिजे. नळ येते सकाळी, भरणार कोण?

तू दुर्गले उतरशील, मग आईले घ्यायले घरी येशील. फाटकापर्यंत ये. डोळ्याचं झालं त्या दिवशी मी तुले म्हटलं होतं, त्या पोट्ट्यासमोर मान खाली घातल्याशिवाय या घरात पाय ठेवू नको. ते मी मागं घेतलं नाही. तिकडून झाल्यावर ये. मग दार उघडंच आहे, मग तू पाहिजे तर महिनाभर झोपून राह्य.

— देवीदास


हुडको, भिलाई
१४ जुलै

नरेश,

आला, आईची बॅग उचलली अन्‌ गेला. मी खिडकीच्या आतच बसलो होतो. तू बारीक झाला. मानेजवळ काहीतरी जळालेलं दिसलं, वेल्डिंगचं असेल, चष्मा तरी नीट लावत जा. फाटकाची कडी लावताना तू दोनदा वळून पाहिलं. मी उठलो नाही. शब्द होता माझा.

खरं सांगू? पटकन उठताही येत नाही आता. उठलो असतो तोवर ऑटो निघून गेला असता. पण न उठायचं मी अगोदर ठरवलं होतं, हेही तितकंच खरं आहे.

मुंबईले पोहोचल्यावर आईले सांगजो का गोळ्या डब्यात आहेत, पर्समध्ये नाही.

— बाबा


हुडको, भिलाई
२१ जुलै

नरेश,

पोहोचले तुम्ही, बरं झालं. आई जहाजात ओकली अन्‌ लोणचं शाबूत राहिलं, हेही कळलं. सणापर्यंत खामीसच्या मामाकडे उतरले, तेही ठीक. मोनालीच्या घरात परवाच्या सणानंतरच जायचं आहे.

तू मले एक गोष्ट विचारली. चार वर्षांत पहिल्यांदा तू मले काही विचारलं. नलूनं वाचून दाखवलं: 'बाबा, मी पण मारायचं का?'

मी दुपारभर विचार केला. जेवलो नाही, नलू ताट झाकून गेली. तुझी आई तिकडून सांगते का दोघांईले मारा लागते, तशी रीत आहे, मोनालीही म्हणते. ऐकलं मी ते. पण त्या दोघींले कळत नाही. रीत त्यांची आहे, तू त्यांचा नाही. दोन सारख्यांची लढाई असती तं गोष्ट वेगळी. तू त्याचा डोळा घेतला. आता पुन्हा त्याच माणसावर हात उचलशील? मार केळीचा असो का फुलाचा असो. एका डोळ्याच्या माणसावर, भर मैदानात, त्याच्या मायसमोर?

नाही. तू हात उचलू नको.

आपल्या घरात काय शिकवलं? पंचशीलातलं पहिलं कोणतं? कोणत्याही जीवाले मारू नको. तू लहान असताना विहारात माझ्या मांडीवर बसून म्हणत होता, तुले पाठ होतं. मैदानात जा. खांब हातात देतील, तो खाली ठेव. दोन्ही हात जोड, मान खाली घाल अन्‌ उभा राह्य. तो मारेल तेवढं खा. एक शब्द बोलू नको, सफाई देऊ नको. लोकांले दिसू दे का देवीदासच्या पोट्ट्यानं चूक केली होती, पण तो कोणाचा आहे ते विसरला नाही. त्यांच्या गावातले म्हातारेही पाहतील का असाही माणूस असते.

हे तू केलं ना, तं माझं चार वर्षांचं ओझं उतरलं समज. परत ये. मी स्वतः फाटक उघडायले उभा राहीन.

इकडची फिकर करू नको. नलूच्या नवऱ्यानं कुठून तरी ऑक्सिजनची मशीन आणून ठेवली आहे, उगीच. रात्री घरघर करते, झोप येत नाही तिच्यानं. आईले सांगू नको, ती लगेच पुढच्या जहाजात बसेल.

— तुझा बाबा


हुडको, भिलाई
२५ जुलै

नरेश,

मोनालीनं सांगितलं. रडत होती, तरी सगळं सांगितलं.

अंगणाबाहेर जेवायले बसवलं तुले? गावभर पाहुणे घराघरात बसून भात खाऊन राहिले अन्‌ तुले फाटकाच्या बाहेर, झाडाखाली, ताट सरकवून दिलं? माझ्या लहानपणी माझा आजा गावात पाटलाच्या अंगणाबाहेर बसून खात होता, वरून टाकलेलं. ते खाणं सोडायले आम्ही गाव सोडलं, देव सोडले, भिलाईले आलो, लोखंडात राबलो. अन्‌ माझा पोट्टा सात समुद्र ओलांडून पुन्हा तिथंच बसला? मार खाऊन? हात जोडून?

अन्‌ तू मैदानात उतरला तेवढ्यावर तुझ्या आईले त्यांनी आत वाढलं होतं म्हणते, तं ती आपलं ताट उचलून बाहेर तुझ्याजवळ येऊन बसली. शाबास गिरजाबाई.

ताबडतोब परत या. दोघंही. तिकिटाचं मी पाहतो. अशा लोकांचं पाणी नको. मी आजच त्या खामीसले फोन लावतो, त्याले माझ्या तोंडून ऐकू दे.

— देवीदास


हुडको, भिलाई
३ ऑगस्ट

नरेश,

मधले दिवस लिहिलं नाही. नलूले मी म्हटलं, मागचं पत्र पुसून टाकता येते का? ती म्हणे, काका, त्यांनी वाचलं आहे.

मी खामीसले फोन लावला होता. शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, मग त्याले कळावं म्हणून हिंदीत दिल्या. जातीचं सगळं सांगितलं, आज्याचं सांगितलं. तो ऐकत राहिला. त्याची हिंदी अजून आपल्या भिलाईची आहे, तशीच, जशी इथं चहाच्या टपरीवर बोलत होता. मी दम लागून थांबलो, तेव्हा तो बोलला. जसं म्हणाला तसं लिहितो.

"अंकल, बाहर इसलिए नहीं बिठाया कि वो छोटा है। जिसका झगड़ा बाकी है उसको मेरी माँ घर में नहीं लेती, मेरा सगा भाई हो तो भी। उसने मारा ही नहीं। जो मारता नहीं, वो अपनी बात पेट में रख के वापस ले जाता है।"

मी म्हटलं, अरे, त्यानं तुले मान दिला. माफी मागितली.

तो म्हणे, "माफी तो उसने चार साल पहले फोन पे भेजी थी, अंकल। मेरे को माफी नहीं चाहिए थी। मेरे को सुनना था कि क्यों मारा। मैं उसके साथ फुटबॉल खेलता था। आँख गई तब से बस यही सोचता हूँ। उस मैदान में झूठ नहीं बोलते, उधर वो बोल देता। मैं चिल्लाया, मार ना बे, बोल ना! अपनी अच्छी आँख उसकी तरफ करके खड़ा हुआ। वो हाथ जोड़ के खड़ा रहा। अब हाथ जोड़े हुए आदमी को मैं मार रहा हूँ और पूरा गाँव देख रहा है। मैं क्या बन गया, अंकल? तीन बार मारा, फिर मेरे हाथ से छूट गया।"

नंतर त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याले बाजूले नेलं म्हणे. पोट्टे हसले. ज्यानं तुझं नाव ठाण्यात घेतलं नाही, तो आपल्याच गावात नामर्दासारखा उभा राहिला, एका हात जोडलेल्या माणसाले झोडपणारा. अन्‌ पेटवलेल्या झोपडीकडे कोणी पाहिलं नाही, सगळे त्याच्याकडेच पाहत होते, असं मोनाली म्हणते.

मी फोन ठेवला अन्‌ नलूले एकवीस तारखेचं पत्र पुन्हा वाचून दाखवायले लावलं. बैल गेला अन्‌ झोपा केला. तू मले विचारलं होतं. आई सांगत होती, मोनाली सांगत होती, मारा लागते. दोघी तिथं उभ्या राहून सांगत होत्या अन्‌ मी इथं हुडकोत खाटेवर बसून त्यांले शिकवत होतो. मले वाटलं, माझा पोट्टा लोकांले मोठा दिसला पाहिजे. त्या नादात मी खामीसले लहान केलं, तुले मुका केलं, अन्‌ वरून पंचशीलाचं नाव घेतलं. मीच केलं हे, नरेश. तू फक्त ऐकलं. नेमकं याच वेळी कावून ऐकलं रे माझं? लहानपणापासून एक गोष्ट ऐकली नाही.

आता काय, ते फोन ठेवायच्या आधी विचारलं होतं मी खामीसले. तो म्हणे, पुढच्या म्वाकाले. मधात होत नाही. पुढच्या साली तो आला, बोलला, मारलं, तं संपलं. नाही आला तं राहिलं, मग माझी माय त्याले किंवा त्याच्या घरच्याले कधीच आत घेणार नाही. मोनालीही मधेच अडकली. रेहेमाले अंगणात आणून तुझ्या आईच्या मांडीवर देतात, संध्याकाळी आत नेतात. गिरजाबाई उंबरा ओलांडत नाही, जोवर तू ओलांडत नाही.

तुझं तिकीट दहा तारखेचं आहे. ते मले माहीत आहे. तू आईले म्हणाला, बाबा एकटे आहेत, मी जातो. तिनं ते मोनालीले सांगितलं, मोनालीनं मले.

तर आता मी लपवलेलं सांगतो, म्हणजे तुले पूर्ण कळलं पाहिजे मी काय मागून राहिलो ते. खोकला बिडीचा आहे हे खरं, पण आता फुफ्फुसात काही उरलं नाही. तुम्ही जायच्या आधीच डॉक्टरनं सांगितलं होतं. थंडी निघाली तं खूप झालं म्हणते. म्हणून मी आलो नाही, नळाचा बहाणा केला. मशीन उगीच नाही, दिवसभर लावून असतो. हे पत्र मी नाही लिहून राहिलो, मी बोलतो अन्‌ नलू लिहिते, मधे मधे नाक पुसते. तिले म्हटलं, ते लिहू नको. तिनं लिहिलंच असेल.

तू येऊ नको.

तू आला तं मले बरं वाटेल. तू पाणी देशील, पाठ चोळशील, मी तुले पाहीन. चार महिने, सहा महिने. मग मी जाईन अन्‌ तू पुन्हा विशाखापट्टणमले जाशील अन्‌ पुढच्या जुलैमध्ये तुले कोण धाडणार? मले ठाऊक आहे तुले. मी मेल्याचं दुःख तुले न जायले पुरेसं कारण होऊन जाईल. मग ते भांडण तुझ्या पोटात, त्याच्या पोटात, मोनालीच्या घरात, त्या लेकराच्या जिंदगीत तसंच राहील.

खामीसच्या मामाले वेल्डर पाहिजे आहे, त्याचं दुकान आहे. व्हिसाचं काय करा लागते ते खामीस पाहतो म्हणाला. बघ, तोच पाहतो म्हणाला. तिथं राह्य. काम कर. त्यांच्या अंगणाबाहेर जेव. मी त्या दिवशी बोंबललो ते विसर, ते पाटलाचं अंगण नाही. तिथून आत जायचा रस्ता आहे, फक्त वर्षभर लांब आहे.

अन्‌ पुढच्या जुलैले मैदानात जा. खांब घट्ट धर. तो मारेल, तू पण मार, जोरानं मार, घाबरू नको. अन्‌ तोंड उघड. खरं बोल. तू काळा होता म्हणून मारलं, असं म्हण. माझ्या बहिणीनं मले न विचारता तुले निवडलं म्हणून मारलं. फुटबॉलमध्ये तू माझ्यापेक्षा चांगला होता, तेही असेल तं तेही म्हण. सोबत्यांसमोर माझी जागा जाईल म्हणून मारलं. जे घाण आहे ते सगळं ओरडून सांग, त्याच्या मायले ऐकू दे, आईले ऐकू दे, मोनालीले ऐकू दे. माझी लाज बाळगू नको. मी तिथं नसेन.

आईचं तिकीट महिन्याच्या शेवटचं आहे, तिले तोवर काही सांगू नको. नातीसोबत तेवढे दिवस राहू दे. ती आल्यावर माझ्याजवळ असेल, एकटा नाही मी. नलू आहे, तिचा नवरा आहे, विहारातले लोक आहेत. मले पोचवायले खांदे कमी पडणार नाहीत. गेल्याचा फोन आला तरी तू निघू नको. आईनं बोलावलं तरी निघू नको. सगळे तुले नावं ठेवतील का बापाच्या मातीले आला नाही. ठेवू दे.

त्या दिवशी खिडकीतून मी उठलो नाही. उठा लागत होतं. तुझं तोंड मले जवळून पाहायचं होतं, नरेश. शब्द होता म्हणून बसलो, असा कसा तो शब्द.

नलू थांबली लिहायची. मी म्हटलं, लिही, शेवटचं आहे. मोनालीले सांग, दहा तारखेचं तिकीट आजच रद्द कर म्हणा.

— बाबा